दिवसा घरी कोण असणार?

भांडुपला भाड्याच्या वन बीएचकेत आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि दुसरीतली लेक, आणि गेलं वर्षभर जेवताना आमच्याकडे विषय एकच, बदलापूरला घर घ्यायचं की नाही. मध्येच कोणीतरी विरार काढतं, कोणीतरी पनवेल काढतं, पण फिरून फिरून गाडी बदलापूरवरच येते. कारण साधं आहे. सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या मावससासूबाई, तिकडे कित्येक वर्षं राहतात, त्यामुळे गाव अगदीच परकं नाही आणि तिथला टू बीएचके आमच्या आवाक्यात बसतो, ओढूनताणून का होईना.

नवऱ्याने याची एक्सेल शीट केलीय. आयटीतला माणूस, त्याला शीट केल्याशिवाय झोप लागत नाही. त्यात कार्पेट एरिया, लोन, ईएमआय, मेंटेनन्स, पार्किंग, स्टॅम्प ड्युटी (बाईच्या नावावर घर घेतलं की एक टक्का कमी, त्यामुळे घर माझ्या नावावर होणार हे त्याने आधीच ठरवून टाकलंय, प्रेमाबिमाचा काही संबंध नाही), दर अकरा महिन्यांनी वाढणारं भांडुपचं भाडं, दर वेळी एजंटला द्यायचं एक महिन्याचं भाडं, सगळं व्यवस्थित रंगीत खान्यांत. आणि अगदी शेवटी एक खाना, प्रवास. त्यात त्याने एकच आकडा टाकला होता, अधिक पाऊण तास. कोणाचा पाऊण तास, ते लिहिलंच नव्हतं. मला वाटतं आमचा खरा वाद त्या खान्यापासून सुरू झाला.

मी फोर्टला जाते. भांडुपहून स्लो पकडली तर तासाभरात सीएसएमटी. बदलापूर तिथून ६८ किलोमीटर, फास्ट मिळाली तर दीड तासाच्या आसपास, स्लो असेल तर पावणेदोनच्या पुढे, आणि हे रेल्वेच्या मनात असेल तर. घरातून स्टेशन, स्टेशनवरून ऑफिस हे वेगळंच. म्हणजे जाऊन-येऊन चार तास धरायचे. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, आता तो बाईक काढतो, मुलुंडवरून खाडीपूल ओलांडतो, अर्ध्या तासाच्या आत जागेवर. बदलापूरला गेलो की त्याला आधी ठाणे, मग दहा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूला धावत जाऊन ट्रान्सहार्बरची लोकल, दिघा, ऐरोली. तो पाऊण तास त्याचाही नव्हता आणि माझाही नव्हता, नुसता शोभेला टाकलेला होता.

माझं माहेर लालबागचं, चाळीतलं. बाबा मिलमध्ये. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, तो संप कधी संपला असं कोणी म्हणतच नाही. आमच्या मजल्यावरची एकेक खोली नंतर विकली गेली, कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी नालासोपाऱ्याला, एक कुटुंब बदलापूरला, आणि आई दरवेळी म्हणायची, बिचारे फार लांब गेले. आता डोंबिवलीला कोणी लांब म्हणत नाही. डोंबिवलीचे लोक बदलापूरला लांब म्हणतात, बदलापूरचे वांगणीला, आणि वांगणी-नेरळच्या बिल्डरांच्या जाहिराती आता दादरच्या पुलावर दिसतात. गंमत म्हणजे रेल्वे लोकांच्या आधी पोचली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि दुसऱ्याच वर्षी ती कल्याणला गेली. म्हणजे रूळ तयार होते, माणसांनी तिथे राहायला जायला पुढची शंभर वर्षं घेतली. आणि एकदा जायला लागल्यावर मात्र थांबले नाहीत. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. त्यानंतर किती झाली ते संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघावं, जनगणनेची वाट बघायची गरज नाही.

तर आम्ही घरं बघायला लागलो. रविवारी, अर्थात. आणि इथे एक गोष्ट सांगते, अशा ठिकाणचं घर रविवारी बघायला जाऊ नये, मंगळवारी जावं. रविवारी गाडी रिकामी, मेगाब्लॉक असला तरी बसायला जागा, हवेत गारवा, लांब डोंगरांची रांग दिसतेय, स्टेशनबाहेर बिल्डरची एसी गाडी उभी, हातात गार पाण्याची बाटली. मंगळवारी सकाळी आठच्या आत त्याच स्टेशनवर उभं राहिलं की डोंगर दिसत नाहीत, समोरच्या बाईची पर्स दिसते.

एजंट मुलगा चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्याची घड्याळं आमच्या घड्याळांपेक्षा वेगळी. सगळी घरं स्टेशनपासून दहा मिनिटांवर. आम्ही एकदा शेअर रिक्षाने तेच अंतर गेलो, रिक्षा भरेपर्यंतच दहा मिनिटं गेली. मग तो म्हणाला, मॅडम मेट्रो चौदा येतेय, कांजूरमार्ग ते बदलापूर डायरेक्ट, रेट डबल होणार. मेट्रो चौदा कागदावर आहे हे खरं आहे, आमच्या शेजारच्या कांजूरवरूनच निघणार आहे, पण माझी लेक कॉलेजला जाईपर्यंत त्यात बसायला मिळालं तरी मी पेढे वाटेन. मग वडोदऱ्याहून जेएनपीटी बंदराकडे जाणारा हायवे, तो बदलापूरच्या बाजूने जातो, त्याचं काम तर दिसतंय. चांगलंच आहे. पण आमच्या घरातल्या कोणाला जेएनपीटीला जायचंय?

सॅम्पल फ्लॅट हा एक वेगळाच प्रकार असतो. तिथला बेड जरा आखूड असतो, कपाट जरा अरुंद, आणि आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नसतात, त्यामुळे जागा ऐसपैस वाटते. सासूबाई त्या बेडवर सरळ आडव्या झाल्या. एजंट हसला, मीही हसले, पण त्यांचे पाय बाहेर आले होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे पोरीचं झालं, आमचं कुठंय?" त्यानंतर त्या प्रत्येक साइटवर टेप मागायच्या. महारेराचा नंबर मोबाईलवर टाकून प्रोजेक्ट बघायचं काम नवऱ्याचं, टेपचं काम सासूबाईंचं, आणि माझं काम खिडकीत उभं राहून नदी कुठल्या बाजूला आहे ते विचारायचं.

नदीचं विचारावंच लागतं. उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिमेला आहे, आणि ती उन्हाळ्यात बघितली तर हिने कोणाचं काय वाकडं केलं असेल असं वाटतं. एजंटला विचारलं तर म्हणाला, इकडे पाणी येत नाही. मग आम्ही मावशींच्या ओळखीने पश्चिमेला एका जुन्या किराणा दुकानदाराकडे गेलो. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, काउंटरवरून उतरले, दुकानाच्या बाजूच्या भिंतीशी गेले आणि स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवला. २६ जुलै २००५. मग हात थोडा खाली घेतला. २०१९. ती २०१९ ची २७ जुलै बहुतेकांना आठवत असेल, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं आत, एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आली, दिवसभर टीव्हीवर तेच. आम्ही ते भांडुपला चहा पीत बघितलं होतं. आता त्याच पाण्यापासून किती उंचीवर आपली बाल्कनी आहे ते मोजत होतो. पूररेषेच्या निळ्या आणि लाल रेषा नगरपरिषदेच्या नकाशात असतात, त्या बघायच्याच, पण त्याआधी दुकानदाराचा हात बघावा असं माझं मत झालंय. त्या दिवसापासून पश्चिमेची नदीकडची घरं आमच्या यादीतून गेली, स्वस्त असूनही.

विरार आणि पनवेलचं थोडक्यात सांगते कारण ते थोडक्यातच संपलं. विरारला नवऱ्याचं ऐरोली म्हणजे वनवास. पनवेल मला आवडलं होतं, हार्बरने बसून सीएसएमटी, पण नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर तिथल्या घरांच्या भावांनीही उड्डाण केलंय, आणि आम्हाला विमानतळाच्या जवळ राहून करायचंय काय, आम्ही गणपतीला कोकणात जाणारी माणसं. डोंबिवलीत जुनी बिल्डिंग परवडत होती, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे बघता तेही गेलं.

मग मी ठरवलं, शीट बाजूला ठेवायची आणि काही दिवस मावशींकडे राहून तिथूनच ऑफिसला जायचं. लेकीची उन्हाळ्याची सुट्टी होती, सासूबाई आणि ती आधीच तिकडे गेल्या होत्या.

सकाळची बदलापूर लोकल म्हणजे बदलापूरहून सुटणारी, त्यामुळे वाटलं होतं आरामात बसून जाऊ. पहिल्या दिवशी गाडी प्लॅटफॉर्मला लागली तेव्हा आत बायका आधीच बसलेल्या होत्या. या कुठून आल्या? अंबरनाथहून. अंबरनाथच्या बायका उलट्या दिशेने बदलापूरला येतात आणि तीच गाडी परत निघते तेव्हा सीटवर बसून जातात. याला रिटर्न येणं म्हणतात, आणि यावरून जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. बदलापूरच्या बाया म्हणतात गाडी आमची, अंबरनाथच्या म्हणतात पास आमच्याकडेही आहे. दोघींचं बरोबर आहे, गाड्याच कमी आहेत. कर्जतहून येणारी पकडायची तर ती आधीच भरलेली असते, दारातल्या बायका आत सरकत नाहीत कारण आत सरकायला काही नसतंच. कल्याणच्या पुढे मुंबईकडे सहा रूळ, कल्याणच्या अलीकडे बदलापूरच्या बाजूला दोनच, त्याच दोनवरून लोकल, मेल, एक्सप्रेस, मालगाडी. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाइन टाकायचं काम सुरू आहे, ती झाली की फरक पडेल असं सगळे म्हणतात, आणि हे वाक्य म्हणताना कोणाच्याही चेहऱ्यावर काही हलत नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लटकणारे लोक एकमेकांना घासून खाली पडले, काही जीवानिशी गेले. त्यानंतर बंद दाराच्या लोकलची चर्चा झाली. एसीची दारं बंद होतात, पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी टाकली तेव्हा याच बदलापूरला लोक चिडून स्टेशनमास्तरांकडे गेले होते, आणि रेल्वेला एसीच्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सोय दिली तरी ओरडतात. एक साधी गाडी गेली म्हणजे सेकंडच्या पासवाली सगळी माणसं मागच्या गाडीत चढणार, आणि मागची आधीच कशी असते ते वर सांगितलंच.

डब्यात मात्र माणसं चांगली भेटली, हे मान्य करायला हवं. लेडीज डब्यात तिसऱ्या दिवशीच मला एका ग्रुपने "बस गं थोडी" म्हणून चौथी सीट दिली. चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी सीटवर, अर्धी हवेत, पण तो मान असतो. कोणी मेथी निवडत होतं, कोणी मोबाईलवर सिरीयल, एकीचा वाढदिवस होता तर सगळ्यांना वेफर आणि केकचा तुकडा. त्यातल्या एका काकूंशी माझी गट्टी जमली, रिटायरमेंटला आलेल्या, सरकारी नोकरी, लग्न झाल्यापासून बदलापूर. मी त्यांना विचारलं, काकू, कसं आहे हो बदलापूर राहायला? त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "अगं मला काय विचारतेस, मी कुठे राहिलेय तिथे. मी झोपायला जाते. भाजीवाला माझ्या सासूला ओळखायचा, आता सुनेला ओळखतो. मला विचारतो, नवीन आलात का?"

सगळे हसले, त्याही हसल्या. ठाणे आलं, अर्धा डबा उतरला, विषय बदलला. पण मला ते वाक्य ऑफिसात दिवसभर पुरलं. कारण वर्षभर आम्ही दोघं नवरा-बायको जे भांडत होतो ते सगळं आमच्या दोघांच्या सोयीबद्दल होतं, त्याचा प्रवास, माझा प्रवास, त्याचा ईएमआय, माझा ईएमआय. आणि आम्ही दोघं तर त्या गावात सकाळी सातच्या आधी आणि रात्री नवाच्या नंतर असणार. कमावणारी माणसं घर निवडतात आणि त्या घराच्या गावात राहतं दुसरंच कोणीतरी. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बदलापूरला कोण असणार होतं? सासूबाई आणि लेक. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. टेप धरायला दिली होती एवढंच.

त्या रात्री घरी पोचले तर सासूबाई मावशींबरोबर ओट्यावर बसून जांभळं खात होत्या, बदलापूरच्या जांभळाला आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय आणि मावशी ते असं सांगतात जसं काही त्यांच्याच घरात कोणाला मिळालाय. मी सरळ विचारलं, आई, तुम्हाला इथे राहायला आवडेल का? त्यांनी आधी ठरलेलं उत्तर दिलं, "तुमचं तुम्ही बघा, माझं काय राहिलंय." सासवांचं हे उत्तर जिथल्या तिथे परत करायचं असतं. मी म्हटलं, नाही, तुम्ही सांगा, दिवसभर तुम्ही असणार.

मग जे बाहेर आलं ते कुठल्याही एक्सेलमध्ये नव्हतं. पाणी कोणत्या वेळेला येतं आणि कोणत्या बिल्डिंगला एप्रिलपासून टँकर लागतो याची त्यांच्याकडे पूर्ण यादी होती. बारवी धरण एवढं जवळ, पण ते एमआयडीसीचं, त्याचं पाणी उद्योगांना आणि पुढच्या शहरांना, इथल्या घरांना बराचसा नदीचा आधार, हेही त्यांना मावशींच्या यजमानांनी समजावलं होतं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. लाइट गेली की कुठल्या बिल्डिंगचा जनरेटर नुसत्या लिफ्टला चालतो आणि कुठल्या बिल्डिंगचा नुसता शोभेला आहे. गुडघ्याचे डॉक्टर पूर्वेलाच, चालत. गुरुवारी भजन, त्यात पेटी वाजवणारी बाई लालबागची, माझ्या माहेरच्या गल्लीतली निघाली. वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर, तेवढं एक वाईट. उन्हाळा वाईट, पारा चाळिशी पार करतो, भांडुपला निदान खाडीचा वारा तरी असतो. पण संध्याकाळी बायका बाहेर खुर्च्या टाकून बसतात.

"भांडुपला," त्या म्हणाल्या, "मी तीन वर्षांत एका माणसाचं आडनाव शिकले नाही. दर अकरा महिन्यांनी आपण बदलतो नाहीतर शेजारी बदलतात."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुपारी घरी कोणी नसताना त्या काय करतात हे मी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं, आणि मी कशाला आणेन, मी तेव्हा फोर्टला असते.

इतकं गोड झाल्यावर माझ्या डोक्यात जी गोष्ट होती ती मी काढली. शाळा. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले होते, शाळेतल्या अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आल्यावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या बंद. त्या दिवशी मी ऑफिसातून तिथल्या दोन कलीगना बघत होते, दोघी आया, दोघींच्या मुली तिकडे शाळेत, आणि घरी जायला गाडी नाही. त्या कोणावर चिडल्या नव्हत्या, रुळांवर बसलेल्यांवर तर नाहीच, एक म्हणाली मी तिथे असते तर मीही बसले असते. पण त्यांची ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. असं कुठेही होऊ शकतं, भांडुपलाही, फोर्टलाही, हे गाव तसं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी अंतराबद्दल बोलतेय. आत्ता दुपारी बारा वाजता शाळेतून फोन आला की लेकीला ताप आहे, घेऊन जा, तर नवरा बाईकवर अर्ध्या तासात पोचतो. बदलापूरला दुपारच्या गाड्या विरळ, एक चुकली की बराच वेळ इंडिकेटरकडे बघत राहायचं. मग शाळेत जाणार कोण? गुडघ्याच्या सासूबाई, रिक्षाने. म्हणजे आमचं सगळं गणित एका सत्तरीच्या बाईच्या गुडघ्यांवर उभं राहणार, आणि ती ते खुशीने करणार, आणि आपण कृतज्ञ वगैरे राहणार. मला ते पटत नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, शाळा मी बघून आले. कधी? परवा. नातीला घेऊन, मावशींबरोबर, दोन शाळा. एका शाळेत वॉचमनने विचारलंच नाही, सरळ आत गेलो, ती नको. दुसरीत गेटवरच थांबवलं, वहीत नाव लिहून घेतलं, आत बाई होती बसलेली, कॅमेरे कुठे कुठे आहेत ते मी विचारलं तर दाखवले. आणि ती शाळा भजनवालीच्या घरासमोर आहे.

मी गप्प बसले. माझ्याकडे एमबीए आहे, नवऱ्याकडे एक्सेल आहे, आणि साइट व्हिजिट खरी त्यांनी केली होती.

नवऱ्याचं काय, तर त्याला आता एकदम भांडुप आवडायला लागलं. बाईक, पूल, अर्धा तास. त्याचा स्वतःचा प्रवास त्याने पहिल्यांदा खऱ्या आकड्यात टाकला तेव्हा तो शीटकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, कांजूरला वन आरके बघू या का? चार माणसं, वन आरके. मी म्हटलं, लालबागच्या खोलीतून बाहेर पडायला माझ्या बापाची हयात गेली, मी परत आत जाणार नाही. हे जरा जास्तच झालं बोलताना, पण खरं होतं. त्याचंही चूक नाही. तो रोज संध्याकाळी साडेसातला घरी असतो, लेकीचा अभ्यास तो घेतो, आणि बदलापूरला गेल्यावर हे जाणार. मला तर ते आत्ताही मिळत नाही, त्यामुळे माझं जाणार काय? झोप. माझी झोप आणि त्याची संध्याकाळ देऊन आई आणि लेकीला दिवस मिळणार, असा तो व्यवहार आहे, आणि यात ईएमआय कुठेच येत नाही हे बघून मला जरा हसू आलं.

शेवटी जे ठरलं ते कोणाच्याच मनासारखं नाही. घर घ्यायचं नाही, आत्ता तरी. पूर्वेला भाड्याने टू बीएचके घ्यायचा, अकरा महिने, एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिथे काढायचा, मग बघू. एजंटचा चेहरा पडला, विक्रीतली ब्रोकरेज गेली ना, पण भाड्याचं घर त्यानेच दाखवलं, दुसरा मजला, लिफ्ट चालू, टँकर फक्त मे महिन्यात असं वॉचमन म्हणाला आणि हे सासूबाईंनी समोरच्या किराणावाल्याकडून पक्कं करून घेतलं. भाडं भांडुपच्या वन बीएचकेपेक्षा कमी आहे, यावर नवरा दोन दिवस खूश होता. मी ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं, एक मिळाला. मी बुधवार घेतला. सगळे म्हणाले शुक्रवार घे, सोमवार घे, वीकेंडला जोडून. पण मला आठवड्याच्या मधला एक दिवस त्या गावात दुपारी बारा वाजता असायचंय, निदान भाजीवाल्याला तोंड दाखवायला.

मेच्या शेवटी शिफ्टिंग आहे. लेकीने नवीन शाळेचं दप्तर आत्तापासून भरून ठेवलंय, त्यात पुस्तकं नाहीत, खेळणी आहेत. सासूबाईंनी भजनाच्या ग्रुपला आधीच ॲड करून घेतलंय आणि सकाळी सहापासून त्यांचा फोन टणटण वाजतो. नवरा ठाण्याला बाईक ठेवायला पे अँड पार्क शोधतोय, म्हणजे ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे बाईक, त्याला ट्रान्सहार्बर नकोच आहे. आणि मी डब्यातल्या काकूंना फोन केला होता, चौथी सीट राखून ठेवा म्हणून. त्या म्हणाल्या, चौथीचं बघू, पण गाडी कुठली पकडणार ते आधी ठरव, बदलापूर पकडलीस तर आमचा ग्रुप, कर्जत पकडलीस तर त्यांचा, दोन्हीकडे पाय ठेवलेला इथे चालत नाही.